जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारला तिच्या काळाचे टायर कसे निवडावेत

जुनी गाडी विकणारा हमखास सांगतो, "टायर अगदी नवे घातलेत." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते टायर त्या गाडीचे नसतात. १९६९ च्या आल्फाखाली एखाद्या साध्या हॅचबॅकसाठी बनलेले रुंद, बुटके टायर दिसतात. गाडी थोडी खाली बसलेली असते, स्टिअरिंग जड लागतं, आणि नव्या मालकाला वाटतं की जुन्या गाड्या अशाच असतात.

मी उत्तर इटलीत राहतो, माझ्याकडे आल्फा रोमिओ १७५० जीटीव्ही आहे. जर्मनीतून, इंग्लंडमधून, क्वचित पुण्याहूनही ओळखीतल्या मंडळींचे फोन येतात: "गाडी घेतली, आता टायर कुठले घालू?" दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढलं. मी टायर हा सस्पेन्शनचाच एक भाग मानतो. कारखान्यातल्या लोकांनी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, स्टिअरिंग हे सगळं एका ठरावीक टायरवर गाडी पळवून बसवलेलं असतं. तो टायर बदलला की बाकीची जुळणीही बिघडते.

हाताशी काय हवं:
– गाडीचं नोंदणीपत्र (इटलीत त्याला लिब्रेतो म्हणतात)
– मालकाची मूळ पुस्तिका, किंवा त्याच वर्षाच्या पुस्तिकेची प्रत
– चासी नंबर आणि उत्पादनाचं वर्ष
– मोजपट्टी, टॉर्च, हवेचा दाब मोजायचं चांगलं मीटर
– चारही चाकांचे आणि स्टेपनीचे बाजूने काढलेले फोटो

१. आधी कागद उघडा

इटलीत नोंदणी झालेल्या गाडीच्या लिब्रेतोवर चालणाऱ्या टायरचे आकार छापलेले असतात. त्याबाहेरचा आकार बसवायचा असेल तर उत्पादकाची परवानगी आणि पुन्हा तपासणी लागते. तसाच बसवला आणि पोलिसांनी पकडलं तर दंड होतो, नोंदणीपत्रही काढून घेतलं जाऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं इथेच बोट ठेवते. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला एच पाटी (जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट) मिळवतानाही गाडी मूळ रूपाला धरून आहे का हे बघतात, आणि टायर त्यात येतोच. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे तिथे चूक दाखवणारं कुणी नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी.

पुस्तिका मात्र तुमच्याच वर्षाची हवी. एका नावाची गाडी दहा वर्षं बनत राहिली तर टायर दोन-तीनदा बदललेला असतो. १०५ मालिकेतली आल्फाची कूपे घ्या. १९६३ ची स्प्रिंट जीटी १५ इंची चाकांवर १५५ च्या टायरवर आली, तर १७५० जीटीव्ही आली ती १४ इंची चाकांवर, १६५ एचआर १४ घेऊन. बाहेरून दोघी बहिणी, पण एकीचा टायर दुसरीला चालत नाही.

२. चाक कुठलं आहे ते ओळखा

गाडीवरची चाकं तिचीच आहेत असं गृहीत धरू नका. पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि व्यास कोरलेला असतो. टॉर्च घेऊन वाकून बघा, धूळ पुसा.

इटालियन गाड्यांवर प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात: साधी पत्र्याची चाकं, मिलानच्या बोर्रानीची तारांची चाकं, आणि कंपान्योलो किंवा क्रोमोदोराची ओतीव मिश्रधातूची चाकं. कंपान्योलोची काही चाकं मॅग्नेशियमची आहेत, लॅम्बोर्गिनी मिउराची तशीच. मॅग्नेशियम कालांतराने सच्छिद्र होतं, आतून गंज धरतं, आणि हवा हळूहळू सुटते. असं चाक टायर घालण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. टायरवर भरपूर पैसे घालून चाकाची तपासणी वाचवण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात घातक सापळा, तोही रिममधलाच. काही गाड्यांची चाकं इंचांत नसून मिलिमीटरमध्ये आहेत. पन्नाशीच्या दशकातली लान्चा ऑरेलिया ४०० मिमीच्या रिमवर होती, तिचा टायर १६५-४००. पुढे मिशेलिनने टीआरएक्स नावाची पद्धत आणली. फेरारी मोन्दियाल ८ ला ३९० मिमी, सुरुवातीच्या टेस्टारोसाला ४१५ मिमी. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. म्हणजे ३९० च्या रिमवर १५ इंची टायर "जोर लावला की बसेल" असं वाटू शकतं, आणि असं वाटणारे महाभाग आहेतही. टीआरएक्सच्या रिमची कडही वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे टायरची कड तिथे नीट बसतच नाही. हवा भरताना तो उडाला तर समोरचा माणूस जिवानिशी जातो. टीआरएक्स रिमला टीआरएक्स टायरच, आणि तो मिळत नसेल तर त्याच मॉडेलवर कारखान्याने दिलेली इंची चाकं शोधा. टेस्टारोसाला पुढे १६ इंची चाकं आली, ती बसतात.

३. बाजूवरचे आकडे वाचायला शिका

आजच्या टायरवर २०५/७० आर १५ असं लिहिलेलं असतं: रुंदी २०५ मिमी, उंची त्याच्या ७० टक्के, रिम १५ इंच. साठीच्या दशकातल्या पुस्तिकेत फक्त २०५ व्हीआर १५ असतं. मधला आकडा गायब. तो नसतो तेव्हा उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरायची, आज जवळचा आकडा म्हणून ८०.

नवखा माणूस इथेच फसतो. दुकानदार "२०५, १५ इंच" ऐकतो आणि २०५/७० काढून देतो. हिशेब करा: जुन्या २०५ व्हीआर १५ चा व्यास सुमारे ७१७ मिमी, २०५/७० आर १५ चा ६६८. जवळपास सात टक्क्यांचा फरक. लॅम्बोर्गिनी ४०० जीटीसारख्या गाडीखाली हा टायर घातला की चाकाभोवती पोकळी दिसते, स्पीडोमीटर वाढवून सांगतो, आणि हायवेवर इंजिन विनाकारण ओरडत राहतं.

मधली अक्षरं वेगाची आहेत. जुन्या पद्धतीत एस म्हणजे ताशी १८० पर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत, आणि व्ही म्हणजे २१० च्या वर. आज व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू २७०. पुस्तिकेत व्हीआर असेल तर आजचा एच पुरेसा नाही, "मी कुठे एवढ्या जोरात जातो" हे कारण तपासणीला चालत नाही. हे नियम उगाच आलेले नाहीत. १२ मे १९५७ ला इटलीतल्या मिल्ले मिल्या या रस्त्यावरच्या शर्यतीत ग्विदित्सोलोजवळ चालक द पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला, तो आणि त्याचा साथीदार गेले, आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षकही गेले. कंपनीचा संस्थापक एंझो फेरारीवर खटला चालला, आरोप हाच की ते टायर त्या वेगाचे नव्हते. १९६१ मध्ये तो सुटला, पण रस्त्यावरची ती शर्यत कायमची बंद झाली होती.

त्यापुढचा आकडा भाराचा. ८४ असेल तर एका टायरला ५०० किलो. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी कधीच नको.

४. गाडीचा काळ ठरवा

हे सगळ्यात मजेचं काम, आणि वाद सगळ्यात जास्त इथेच होतात. काळाचा टायर म्हणजे जुनी नक्षी एवढंच नव्हे. आतली बांधणीही त्या काळाची लागते.

युद्धाआधीच्या आणि चाळीशीच्या गाड्यांना क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदत टाकलेला टायर. पिरेलीचा स्तेल्ला बियान्का आणि स्तेल्व्हियो ही त्या काळची नावं. १९५० ची पहिली फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धा आल्फा १५८ ने जिंकली ती पिरेलीवरच. क्रॉसप्लायवर गाडी सरळ रेषेत थोडी डुलते, रस्त्यातल्या चाकोरीत शिरते. रेडियल (ज्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पट्टा असतो) घालून हे "दुरुस्त" करायचा मोह होतो. त्या सस्पेन्शनला तो मानवत नाही, आणि बोर्रानीच्या जुन्या चाकांच्या तारांवर ताण येतो.

रेडियल मिशेलिनने आणला, पेटंट १९४६ चं. त्याच्या पट्ट्यात पोलादी तारा होत्या. पिरेलीने पन्नाशीच्या सुरुवातीला चिंतुरातो काढला, त्यात पट्टा कापडी धाग्यांचा. म्हणून चिंतुरातो चालवायला मऊ वाटतो, घसरायच्या आधी सांगून घसरतो. सीए ६७ ही त्याची सर्वात ओळखीची नक्षी. पन्नाशी-साठीच्या आल्फा, लान्चा, फेरारी या सगळ्यांखाली तुम्हाला ती दिसेल. १५५ आर १५ आणि १६५ आर १४ मध्ये ती आज पुन्हा बनते, त्यामुळे आल्फावाल्यांची सोय झाली आहे.

१९६५ मध्ये मिशेलिनचा एक्सएएस आला. त्याची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी नाही, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची बाजू आहे. बसवणाऱ्याला हे सांगावं लागतं. दुकानातून निघण्याआधी चारही चाकं स्वतः फिरून बघा; एक तरी उलटं असू शकतं.

साठीच्या दशकाच्या अखेरीस ७० ची, म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के असलेली मालिका सुरू होते. पिरेलीचे सीएन ३६ आणि सीएन १२, मिशेलिनचा एक्सडब्ल्यूएक्स. फेरारीची डिनो २४६ आणि ३०८ यांना २०५/७० व्हीआर १४, डेटोनाला २१५/७० व्हीआर १५, आल्फा मॉन्ट्रियलला १९५/७० व्हीआर १४. फियाट १२४ च्या अबार्थ आवृत्तीला सीएन ३६, १८५/७० मध्ये. हे टायर रुंद आहेत, पण बाजूची भिंत अजून उंच आहे. या गाड्यांचं सगळं सौंदर्य मला विचाराल तर त्या उंच काळ्या भिंतीत आहे.

मग पिरेलीचा पी ७, रुंद आणि बुटका. लॅम्बोर्गिनी कुन्ताश हे त्याचं सर्वात सोपं उदाहरण. १९७४ ची एलपी ४०० एक्सडब्ल्यूएक्सवर आली: पुढे २०५/७०, मागे २१५/७०, चाकं १४ इंची. १९७८ च्या एलपी ४०० एसला पी ७ आला: पुढे २०५/५०, मागे ३४५/३५, १५ इंची. त्या मागच्या टायरसाठी चाकांवरची कमान फुगवावी लागली. गाडीचं रूपच टायरने बदललं. आता एखाद्याने १९७५ च्या कुन्ताशला पी ७ घातला तर ते काळाला धरून आहे का? माझ्या मते नाही. नाव एकच असलं तरी ती गाडी वेगळी.

शर्यतीच्या गाड्यांचं गणित निराळं आहे. फेरारी २५० जीटीओसारख्या गाडीला डनलॉप रेसिंगचे टायर शोभतात, पण ते ओल्या बाजारपेठेतून हिंडायला नाहीत. शर्यतीच्या नकला करणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

जाता जाता एक गोष्ट, आपल्याकडच्या लोकांना ऐकून गंमत वाटते. सिएट ही मुळात इटलीतल्या तोरिनोची कंपनी, १९२४ ची. त्या काळातल्या इटालियन गाड्यांखाली सिएटचे टायरही असत. त्यामुळे एखाद्या जुन्या फियाटच्या डिकीत सिएटची स्टेपनी निघाली तर कुणी भांडुपच्या कारखान्यातून आणून टाकली असं समजू नका. ती त्या गाडीची मूळची असू शकते. पुस्तिकेतही अनेकदा दोन-तीन कंपन्यांची नावं असतात, त्यातलं कुठलंही चालतं.

५. रुंद टायरचा मोह

"थोडा रुंद घाल, पकड वाढेल." हा सल्ला फुकट मिळतो आणि महागात पडतो. माझ्या गाडीच्या १६५ आर १४ ऐवजी १९५/६० आर १४ घातला तर व्यास सुमारे ६२० मिमीवरून ५९० वर येतो. गाडी पंधरा मिमी खाली बसते, पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. पकड वाढते हे खरं, पण तो वाढीव ताण बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या जुन्या रबरी बुशवर जातो. १८५/७० आर १४ हा बरा मध्यम मार्ग आहे. मूळ टायर परवडत नसेल आणि लिब्रेतोवर आकार असेल तर तो घ्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक पक्का नियम: एकाच ॲक्सलवर दोन जातीचे टायर नकोत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय तर कधीच नको, गाडीचा मागचा भाग सुटतो.

६. खरेदी

बाजारात तुम्हाला तीन प्रकार दिसतील.

पहिला, जुन्या साच्याबरहुकूम आज बनलेला टायर. पिरेलीची कोलेझिओने मालिका आणि मिशेलिनची क्लासिक मालिका यात येतात. रूप जुनं, रबर आजचं. महाग आहेत, पण माझा कौल यांनाच.

दुसरा, जुन्यासारखा दिसणारा आधुनिक टायर. व्रेडेस्टाईनचा स्प्रिंट क्लासिक हे ठळक उदाहरण. रोज चालवायच्या आल्फा-फियाटला उत्तम, खिशालाही सोसतो. स्पर्धेत परीक्षक नाक मुरडतील, तेवढंच.

तिसरा, गोदामात पडून राहिलेला खराखुरा जुना टायर. "न वापरलेला, मूळ, १९७८ चा" अशी जाहिरात बघून जीभ चाळवते. रस्त्यासाठी घेऊ नका. नक्षी खोल असेल, पण रबर लाकूड झालेलं असतं. पावसात ब्रेक दाबला की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

टायरचं वय बाजूवर लिहिलेलं असतं. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक बघा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २००० च्या आधी तीनच अंक असत. म्हणजे तीन अंक दिसले की किंमत विचारूच नका. टायर मागवताना विक्रेत्याला लेखी विचारा की आठवडा-वर्ष कोणतं आहे. कमी खपाच्या आकारांत "नवा" टायर चार वर्षं रॅकवर बसलेला असतो. पाचही टायर एकदमच मागवा. नंतर एक हवा असेल तर साचा पुन्हा कधी चालवतील याचा भरवसा नसतो.

भारतात टायर मागवणाऱ्यांसाठी: जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली, आणि आयएसआय खुणेची अटही आहे. पैसे भरण्याआधी कस्टम एजंटशी बोला. टायर बंदरात अडकला तर विलंब शुल्क टायरपेक्षा जड होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी आहे, त्या गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत. त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. तारीख बघत राहा.

७. बसवणं

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नेऊ नका. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याच्या यंत्राला ही चाकं माहीत नसतात. तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच, आणि तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर पट्टी. ट्यूब टायरच्याच आकाराची आणि रेडियलला चालणारी हवी. टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असतं, ते खरवडून काढायला सांगा. ट्यूब घातल्यावर ते कागदाचं टोक दिवसरात्र ट्यूबवर घासतं, आणि काही महिन्यांनी कारण नसताना हवा जायला लागते. आत हात फिरवून बघायचा, काही टोचत नाही ना, मग टाल्कम पावडर, मग ट्यूब. थोडी हवा भरून ट्यूबची घडी मोडायची, मगच टायरची दुसरी कड चढवायची.

मधोमध एकच मोठा नट असलेली चाकं बॅलन्स करायला वेगळा शंकू लागतो. तो नसेल तर बॅलन्सिंगचा आकडा खोटा येतो. तो नट डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या दिशेने आवळला जातो, दिशा कोरलेली असते. पोलादी हातोडीने ठोकू नका, शिशाची किंवा तांब्याची घ्या. पन्नासेक किलोमीटर झाले की पुन्हा आवळा.

८. पहिले किलोमीटर, आणि जुन्या टायरचं काय

नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर सबुरीने, पावसात तर जास्तच. दाब पुस्तिकेप्रमाणे ठेवा. इटालियन पुस्तिकेत तो बहुधा किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये असतो, एक म्हणजे १४.२ पीएसआय. टायरच्या बाजूवर छापलेला जास्तीत जास्त दाब हा भरायचा आकडा नव्हे.

पुढची चाकं पूर्ण फिरवून दोन्ही बाजूंना मडगार्डला घासत नाहीत ना बघा, गाडीत दोन माणसं बसवून. अलाइनमेंट नंतर करून घ्या, आधी केलेली टायर बदलल्यावर उपयोगाची राहत नाही.

जुने टायर काढले की लगेच भंगारात देऊ नका. त्यांवर कारखान्याच्या काळची नावं असतील तर एखादा संग्राहक किंवा संग्रहालय ते प्रदर्शनासाठी घेतं. फक्त बाजूवर खडूने नव्हे, पक्क्या रंगाने "रस्त्यासाठी नाही" असं लिहा, नाहीतर चार वर्षांनी कुणीतरी तेच टायर "मूळ, न वापरलेले" म्हणून जाहिरातीत टाकेल.